एकोणीस नंबरची हरळी

इस्त्रीबाईंचे हात पाठीमागे बांधलेले दिसले की ओळखायचं, मळ्यावर कुणीतरी नवीन आलंय.

एरवी त्या हातांना उसंत म्हणून नसायची. एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालण्यात गेली आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तेच हात मातीत गेले. पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या जागेचे नगरपालिकेनं छत्तीस तुकडे पाडले होते. ज्यांना घरी अंगण नाही त्यांनी अर्ज करायचा, रांगेत थांबायचं आणि नंबर लागला की आपल्या तुकड्यात भाजी पिकवायची. सात नंबरचा तुकडा बाईंचा. त्यांच्या कांद्याच्या ओळी इतक्या सरळ, की कुणीसं म्हणालं, "ही बाई मातीलासुद्धा इस्त्री करते!" झालं. खरं नाव तेवढं पेन्शनच्या कागदावर उरलं.

नव्या माणसाला मार्गी लावायचं काम त्यांच्याकडे आलं, कारण दुसरं कुणी ते घेईना. पहिला आला तो एक न्हावी. गुणी माणूस, पण कुदळ वस्तऱ्यासारखी धरायचा. इस्त्रीबाईंना ते बघवेना. त्या रोज सकाळी त्याच्या आधी येऊन खणायच्या, वाफे पाडायच्या, रोपं लावायच्या. महिन्याभरात तुकडा नवरीसारखा नटला. न्हावी एका रविवारी आला, कडेला उभा राहिला, डोकं खाजवून म्हणाला, "फार सुंदर झालंय, बाई. पण हे माझं आहे असं काही वाटेना." आणि त्यानं फाटकाची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

ती किल्ली इस्त्रीबाईंना फार जड गेली. तेव्हापासून नियम: शिकवायचं ते तोंडानं. नव्या माणसाच्या मातीला आपला हात लागता कामा नये. आणि हात ऐकायचे नाहीत म्हणून ते पाठीमागे, एकाच्या मुठीत दुसऱ्याचं मनगट.

नऊ वर्षांत चौदा माणसं त्यांच्या हाताखालून, म्हणजे तोंडाखालून, गेली. आठ टिकली. सहा गेली. त्या सहांचे नंबर त्यांना पाठ होते.

पंधरावी आली ती त्यांची नणंद.

"वन्सं, तुम्ही?" इस्त्रीबाई फाटकातच थबकल्या. हल्ली वन्सं कुणी म्हणत नाही, पण लग्नात लागलेली सवय चाळीस वर्षांत सुटली नव्हती. अंतर राखायला तो शब्द बरा पडायचा.

"का? मी येऊ नये?" वन्संनी नवीकोरी टोपी सारखी केली. "सहा वर्षं रांगेत होते. शाळेतल्या शेवटच्या दिवशी शेवटची सही केली ती या अर्जावर."

"मला बोलला नाहीत कधी."

"तुम्ही विचारलंत कधी, वहिनी?"

वन्सं एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांची सावली व्हरांड्यात पडली की मास्तरसुद्धा शर्टाची बटणं तपासत. भावाच्या बायकोला त्यांनी कधी वाईट वागवलं नाही. फक्त वह्या तपासाव्यात तसं तपासलं. आमटी बरी, मीठ कमी. पडदे बरे, रंग भडक. धुलाईघरातली नोकरी? "असो." हा 'असो' इस्त्रीबाईंनी चाळीस वर्षं जपून ठेवला होता.

आता ही बाई चौथ्या मजल्यावर एकटी राहत होती. निवृत्तीनंतर तिच्या व्हरांड्यात चार कुंड्या आल्या आणि चारही मेल्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

सेक्रेटरींनी एकोणीस नंबरची किल्ली दिली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. ते पूर्वी टपाल वाटायचे, त्यामुळे प्रत्येक गोष्ट दारात उभं राहून सांगितल्यासारखी सांगत. "तीन महिन्यांनी पाहणी. निम्मा तुकडा साफ आणि लावलेला पाहिजे. नांगरट भाड्यानं चालेल, पण वेचणी-लावणी ज्याची त्यानंच केलेली पाहिजे. नाहीतर तुकडा रांगेतल्या पुढच्याला. तुम्ही पुन्हा शेपटाला."

"शेपूट किती लांब आहे?" वन्संनी विचारलं.

"सध्या सात वर्षं."

वन्सं चौसष्ट वर्षांच्या होत्या. हिशोब सगळ्यांनी मनात केला, मोठ्यानं कुणीच केला नाही.

इस्त्रीबाईंनी हात पाठीमागे घेतले. "हे बघा वन्सं. पहिल्या दिवशी एकच कोपरा उघडायचा. दोन हात रुंद. खणा, मुळ्या वेचा, मुळा पेरा. बाकीच्यावर पुठ्ठे पसरा, ओले करा, वर दगड ठेवा. गवताला अंधारात कोंडायचं. मग दर आठवड्याला एक पट्टा."

"म्हणजे बालवाडी."

"म्हणा बालवाडी."

"वहिनी, मी आठ तुकड्या सांभाळल्यात. हा एक तुकडा काय घेऊन बसलात!"

आणि इथंच माशी शिंकली. त्या रविवारी इस्त्रीबाई लेकीकडे गेल्या होत्या. सोमवारी मळ्यावर आल्या तर वन्सं एकोणीस नंबरच्या कडेला खुर्ची टाकून बसलेल्या, मांडीवर थर्मास, चेहऱ्यावर निकालाचा दिवस. सगळा तुकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत भुसभुशीत, काळाभोर.

"पॉवर टिलरवाला बोलावला," वन्सं म्हणाल्या. "वीस मिनिटांत काम तमाम. कशी वाटते माती?"

"मखमल आहे," इस्त्रीबाई म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. मग त्या वाकल्या, हात पाठीमागेच. "वन्सं, ते पांढरं पांढरं काय दिसतंय?"

"मुळ्या. मेल्या त्या. यंत्रानं बारीक केल्या."

"ती हरळी आहे."

"असेल. तिचे तुकडे झाले."

"तेच म्हणते. तिला पेरं असतात, बोटांना असतात तशी. एकेका पेरातून नवं रोप येतं. काल एक हरळी होती, वन्सं. आज हजार आहेत. आणि सगळ्या तुम्ही नीट भुसभुशीत मातीत लावल्यात."

थर्मासचं झाकण लावायला वन्संना जरा वेळ लागला. "असो," त्या म्हणाल्या.

तीन आठवड्यांत एकोणीस नंबर हिरवागार झाला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय सुंदर हिरवळ लावलीय! शेजारच्या वीस नंबरचा कोबीवाला मुद्दाम कुंपणापर्यंत येऊन म्हणाला, "बाई, यावर क्रिकेट झकास होईल." त्याचे कोबी माणसाच्या डोक्याएवढे व्हायचे आणि त्याचा गर्व पिकवणाऱ्यापेक्षा कोबीलाच जास्त होता. शिवाय रांगेत पुढचा नंबर त्याच्या साडूचा होता. ते त्यानं सांगितलं नाही. ते सगळ्यांना माहीत होतं.

चौथ्या आठवड्यात वन्सं भावाच्या घरी आल्या. इस्त्रीबाई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. त्यांचा नवरा, घड्याळं दुरुस्त करणारा शांत माणूस, टेबलाशी भिंग लावून एका मनगटी घड्याळाचं पोट उघडून बसला होता. वन्संनी किल्ली टेबलावर ठेवली.

"दादा, तुझ्या बायकोला सांग, ही सेक्रेटरींना देऊन टाक म्हणावं."

दादानं भिंगातून किल्लीकडे बघितलं, मग बायकोकडे, मग बहिणीकडे, आणि पुन्हा घड्याळात डोकं घातलं. चाळीस वर्षांत तो या दोघींच्या मध्ये पडला नव्हता. आजही पडला नाही.

"तुम्हीच उचला ती, वन्सं," इस्त्रीबाई म्हणाल्या. "माझे हात ओले आहेत."

"पुसा."

"नाही पुसत."

"हा काय पोरकटपणा, वहिनी?"

"न्हाव्याची किल्ली मी घेतली. त्यानंतर पाच घेतल्या. सातवी घेणार नाही." बटाट्याचं साल सुरीवरून लांबलचक लोंबत होतं. "आठ आठवडे राहिलेत. चाळीस चौकोन पाडा दोरीनं, उभे चार, आडवे दहा. आपल्याला वीस पाहिजेत. एका चौकोनाला दोन दिवस. चार दातांचा काटा घ्यायचा, माती सैल करायची, आणि एकेक पेर बोटांनी वेचायचं. उरलेल्या विसांवर पुठ्ठे."

"वीस दुणे चाळीस दिवस," वन्सं आपसूक म्हणाल्या. "आणि आहेत छप्पन्न."

"म्हणजे सोळा दिवस पाठदुखीला."

दादा खाली मान घालून फिसकन हसला. वन्संनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

"आणि नाही जमलं तर? सगळ्यांसमोर नापास व्हायचं मी? मी?"

"व्हायचं. तुम्ही किती जणांना केलंत?"

मग वन्संनी किल्ली उचलली. "बटाट्याची सालं जाड काढता तुम्ही," त्या जाता जाता म्हणाल्या. "असो."

दुसऱ्या दिवशी सहाला त्या हजर. सोबत सुतळीचा गुंडा, खुंट्या आणि रेघांची वही. दोरीनं चौकोन पडले, चौकोनांना नंबर पडले, आणि वहीत प्रत्येक चौकोनाचं पान उघडलं. कामाची त्यांची स्वतःची एक तऱ्हा निघाली. चौकोन साफ झाला की लगेच 'पास' नाही. आठ दिवस थांबायचं, पुन्हा जायचं, कुठं हिरवं टोक वर आलंय का बघायचं, मगच लाल रेघ. "हजेरी," असं त्या म्हणायच्या. "चौकोन तीन! हे कोण उभं आहे मागच्या बाकावर? बाहेर हो!" आणि हरळीचं पेर बादलीत.

इस्त्रीबाई कडेला उभ्या. हात पाठीमागे. "काटा तिरका नको, सरळ घाला."

"सरळच आहे."

"तुमच्या बाजूनं सरळ आहे."

"तुम्ही नुसत्या उभ्या राहता त्याचं काही वाटत नाही ना?"

"फार वाटतं," इस्त्रीबाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. मातीतून पांढरं टोक डोकावलं की त्यांची बोटं पाठीमागे एकमेकांत गुंतून पांढरी पडत. धुलाईघरात डाग दिसला आणि तो पुसायचा नाही, असं त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

पहिल्या चार चौकोनांत मुळा पेरला. सहाव्या दिवशी जोडपानं वर आली. त्या दिवशी वन्सं दोन तास घरी गेल्या नाहीत. काही करत नव्हत्या. खुर्चीवर बसून बघत होत्या.

पाहणीला सहा दिवस उरले तेव्हा सतरा चौकोन झाले होते आणि वन्संची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आडवं पडायचं. वन्संनी फोनवर सांगितलं ते शाळेला सुट्टी जाहीर करावी तशा आवाजात, पण शेवटी म्हणाल्या, "वहिनी, तेराव्यात पुन्हा टोकं येतायत. मी बघून आलेय. तीन उरलेत आणि तेरावा नापास. म्हणजे चार." आणि फोन ठेवला.

सकाळी उजाडता उजाडता इस्त्रीबाई मळ्यावर पोचल्या. खरं तर सात नंबरला पाणी घालायला. पाय एकोणीसकडे वळले. तेराव्या चौकोनात तीन हिरवी टोकं, जणू जीभ दाखवणारी. आजूबाजूला कुणी नाही. काटा टोपलीत होताच.

त्या गुडघ्यांवर बसल्या कधी ते त्यांनाही कळलं नाही. काटा सरळ आत. माती उचलली. बोटं घातली आणि सुरकन मुळी बाहेर आली, हातभर, न तुटता, एकसंध. असं सुख! दुसऱ्या टोकाकडे हात गेला आणि डोळ्यांपुढे न्हावी उभा राहिला, डोकं खाजवत. माझं आहे असं काही वाटेना.

इस्त्रीबाई उठल्या. गुडघ्यांची माती झटकली, चौकोनाची माती तळव्यानं सपाट केली. नळावर हात धुवायला गेल्या तर तिथं कोबीवाला झारी भरत होता.

"आज फार लवकर, इस्त्रीबाई?"

"वय झालं. झोप येत नाही."

"हं," तो म्हणाला, आणि त्यानं त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं.

दोन दिवसांनी वन्सं कमरेला पट्टा बांधून आल्या. चौकोनांवरून एक फेरी मारली. तेराव्यापाशी जरा रेंगाळल्या, वहीत काहीतरी लिहिलं आणि कामाला लागल्या. उरलेल्या तीन दिवसांत त्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबल्या, बोलणंसुद्धा वाचवलं. खाली बसायला एक हात खुर्चीला, उठायला दोन्ही. इस्त्रीबाई म्हणायच्या, "पाणी प्या." "टोपी घाला." "आता पुरे." पहिल्या दोन गोष्टी वन्संनी ऐकल्या. शेवटच्या संध्याकाळी विसाव्या चौकोनात घेवड्याचं शेवटचं बी गेलं.

पाहणीला सेक्रेटरी फीत आणि लोखंडी सळई घेऊन आले. फीत टाकली, मोजलं. सळई खुपसून माती उलटी करून बघितली, एकदा, दोनदा, सहा ठिकाणी. "निम्मा भरतो," ते म्हणाले. मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि पत्ता चुकलेलं पत्र द्यावं तसा चेहरा केला. "एक तक्रार आहे. काम यांनी केलेलं नाही, यांच्या वहिनींनी केलंय. तसं पाहिलंय म्हणतात."

वीस नंबरमध्ये कोबीवाला एका कोबीची पानं अतिशय काळजीपूर्वक पुसत होता.

"साफ खोटं!" वन्सं कडाडल्या. "तीन महिने या बाई वर्गाबाहेर उभ्या केल्यासारख्या उभ्या आहेत. विचारा कुणालाही!"

"मला यांनाच विचारायचंय," सेक्रेटरी म्हणाले. "इस्त्रीबाई, या मातीला तुमचा हात लागला?"

नाही म्हणणं सोपं होतं. दोनच अक्षरं. इस्त्रीबाईंनी वन्संच्या पट्ट्याकडे बघितलं, लाल रेघांच्या वहीकडे बघितलं. खोट्यावर उभा राहिलेला तुकडा तरी वन्संना आपला कसा वाटणार?

"लागला," त्या म्हणाल्या. "एकदा. तेराव्या चौकोनात. एक मुळी काढली, हातभर."

कोबीची पानं पुसायची थांबली.

सेक्रेटरींनी टोपी काढून पुन्हा घातली. "मग नियमानं..."

"थांबा," वन्सं म्हणाल्या. त्यांनी वही उघडली, पान शोधलं आणि सेक्रेटरींच्या नाकासमोर धरली. "मोठ्यानं वाचा."

"'चौकोन तेरा,'" सेक्रेटरी शाळकरी पोरासारखे वाचू लागले. "'काम स्वतःचे नाही. माती तळव्याने दाबून सपाट केलेली, घडी घातल्यासारखी. रद्द. पुन्हा खणला, पुन्हा वेचला, पुन्हा पेरला.' खाली तारीख."

"छत्तीस वर्षं वह्या तपासल्यात मी," वन्सं म्हणाल्या. "गृहपाठ आईनं करून दिला की मला पहिल्या ओळीत कळायचं. या वहिनी माती थापटतात ती चादर थापटावी तशी. मी कशी थापटते ते बघा, ओबडधोबड. वीसच्या वीस चौकोन ओबडधोबड आहेत. हवं तर दोघींना थापटायला लावा."

सेक्रेटरी खाली वाकले. एकोणीस नंबरच्या मातीकडे बघितलं, मान वळवून सात नंबरच्या मातीकडे बघितलं. मग सरळ झाले, कागदाची होती त्याहून बारीक घडी घातली आणि खिशात टाकली. "ओबडधोबडच आहे," त्यांनी आपल्या पाहणीच्या वहीत नोंदवलं, आणि खाली शिक्का मारला.

फीत गुंडाळून ते निघून गेले.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?" इस्त्रीबाईंनी विचारलं.

"तेव्हाच."

"आणि बोलला नाहीत?"

"तुम्ही कबूल करता का ते बघायचं होतं." वन्सं खुर्चीचा आधार घेत, कण्हत, पहिल्या चौकोनापाशी बसल्या. पानांच्या झुबक्यात हात घातला आणि काहीतरी उपटलं. "वहिनी, इकडे या. हात पुढे करा."

हा हुकूम त्यांनी छत्तीस वर्षं दिलेला होता, आणि पट्टी खायला पोरं जशी पुढे येत तशा इस्त्रीबाई पुढे आल्या. पाठीमागचे हात सुटले, पुढे झाले. वन्संनी तळव्यावर मुळा ठेवला. मातीनं भरलेला, करंगळीएवढा, मध्येच वळलेला.

"वाकडा आहे," इस्त्रीबाई म्हणाल्या.

"असू दे. इस्त्री करा."